किलोमागे कितीला पडतं?

महिन्याचा पहिला रविवार होता आणि सवलतीच्या सुपरमार्केटात किराणा भरायला आलेल्यांची नेहमीची झुंबड उडाली होती. चहाच्या रॅकपाशी साठीच्या एक बाई एकाच कंपनीच्या चहाची दोन पाकिटे हातांत घेऊन उभ्या होत्या. एक पाव किलोचे, दुसरे किलोचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही पाकिटे उलटसुलट करून पाहिली, रॅकला लावलेल्या भावपट्ट्या पाहिल्या आणि मग मला विचारले, "अहो, जरा बघता का? यातलं किलोमागे स्वस्त कुठलं पडतं?"

पाव किलोच्या पाकिटाची छापील किंमत १६० रुपये आणि दुकानाची किंमत १३४ रुपये होती, म्हणजे २६ रुपये सूट. किलोच्या पाकिटाची छापील किंमत ६४० रुपये, दुकानाची ५५८ रुपये आणि सूट ८२ रुपये. भावपट्टीवर हा ८२ चा आकडा लाल रंगात, सर्वांत ठळक छापलेला होता आणि बाईंचा कलही मोठ्या पाकिटाकडेच होता, कारण मोठे पाकीट घेतले की स्वस्त पडते हे आपण सगळेच गृहीत धरून चालतो. मोबाइलवर हिशेब केला तेव्हा पाव किलोची चार पाकिटे ५३६ रुपयांना पडत होती. म्हणजे ८२ रुपये सूट असलेला चहा २६ रुपये सूट असलेल्या चहापेक्षा किलोमागे २२ रुपयांनी महाग होता. बाईंनी किलोचे पाकीट जागेवर ठेवले. पण त्यांच्या ट्रॉलीत तेल, डाळ, साबण, कपडे धुण्याची पावडर अशा आणखी पंचवीस-तीस वस्तू होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीचा असा हिशेब कोणी करून दिलेला नव्हता.

या लेखाचे म्हणणे त्या प्रश्नाइतकेच साधे आहे. मोठ्या किराणा दुकानांनी रॅकवरच्या भावपट्टीवर, दुकान प्रत्यक्षात जी किंमत घेणार आहे तिच्या हिशेबाने, किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलाच पाहिजे. आणि ते दुकानदाराच्या मर्जीवर न सोडता कायद्याने सक्तीचे केले पाहिजे.

मराठीत 'भाव' आणि 'किंमत' हे दोन शब्द आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. पाकिटाला, साडीला, घड्याळाला किंमत असते. तुरीला, कांद्याला, सोन्याला भाव असतो. भाव मापाचा असतो. म्हणून रेशनच्या दुकानाचे अधिकृत नाव 'रास्त भाव दुकान' आहे आणि मंडईत पाऊल टाकताच आपण 'काय भाव लावलाय?' असे विचारतो. जुन्या वाण्याच्या दुकानात तोंडे दुमडलेल्या पोत्यांत आणि गुळाच्या ढेपेत पुठ्ठ्याचे तुकडे खोचलेले असत आणि त्यांवर लिहिलेला आकडा किलोचा असे. कुणी अर्धा किलो घेवो की दहा किलो, तुलना करण्यासाठी लागणारा आकडा समोर आयता लिहिलेला असे. त्या दुकानांत सगळे आलबेल होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. माप मारले जाई, डाळीत खडे निघत, उधारीवर घेणाऱ्याला वाण्याशी हुज्जत घालता येत नसे. पाकिटबंद मालाने यातल्या बऱ्याच तक्रारी मिटवल्या, हे मान्य करायला हवे. मात्र पाकीट आले आणि दुकानातून भाव निघून गेला. उरली ती फक्त किंमत. आता तर किंमतही मागे पडली असून सूट पुढे आली आहे.

सूट मोजायची तर ती कशातून, हे आधी ठरावे लागते, आणि आपल्याकडे ती कमाल किरकोळ किमतीतून, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एमआरपीतून मोजली जाते. एमआरपी आली ती ग्राहकाच्या रक्षणासाठी. पूर्वी पाकिटावर किंमत छापून शेजारी 'स्थानिक कर अतिरिक्त' असे लिहिण्याची मुभा होती आणि त्या कराच्या नावाखाली दुकानदार मनाला येईल ती रक्कम उकळू शकत असे. १९९० मध्ये नियम बदलले आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले. याहून जास्त कोणी मागू नये, एवढाच तिचा हेतू होता. वस्तूची योग्य किंमत कोणती, हे एमआरपीने सांगावे असे कधी ठरलेलेच नव्हते. उत्पादक ती स्वतः ठरवतो आणि हवी तितकी वर ठेवू शकतो. आज गल्लीतला वाणीसुद्धा अनेक वस्तू एमआरपीच्या खाली विकतो; मग जी किंमत फारसे कोणी मोजतच नाही तिच्यातून काढलेली सूट ही नेमकी कशाची बचत, हा प्रश्न विचारायला हवा. काही साखळी दुकाने डाळी, रवा, साखर, सुका मेवा स्वतःच्या नावाने पाकिटबंद करून विकतात. अशा मालावर एमआरपी त्यांचीच आणि तिच्यावरची सूटही त्यांचीच. यात बेकायदा काही नाही. पण बिलाच्या तळाशी छापलेला बचतीचा आकडा वाचून जे घर महिन्याचा हिशेब मांडते, त्याच्यासाठी तो आकडा निरुपयोगी आहे.

इथे कोणी म्हणेल की एककाचा, म्हणजे ठरावीक मापामागचा, भाव छापण्याची सक्ती आपल्याकडे आधीच आहे. आहे, आणि ती अर्धवट आहे, म्हणूनच तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. वजन-मापांविषयीचा वैधमापन कायदा २००९ चा, त्याखालचे पाकिटबंद वस्तूंचे नियम २०११ चे. त्यांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एमआरपीबरोबर एकक विक्री किंमत छापणे बंधनकारक झाले. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'यूएसपी ०.६४ रु. प्रति ग्रॅम' असे जे दिसते ते हेच. दुरुस्ती चांगल्या हेतूने झाली, पण तिच्यात तीन उणिवा राहिल्या.

पहिली उणीव अशी की हा दर एमआरपीवर काढलेला असतो. ज्या दुकानात एमआरपीने काही विकलेच जात नाही तिथे तो कामाचा नाही. वरच्या चहाचेच पाहा. पाव किलोच्या पाकिटावर ग्रॅमला ०.६४ रुपये, म्हणजे किलोला ६४० रुपये. किलोच्या पाकिटाला हा दर वेगळा छापावा लागत नाही, कारण त्याची छापील किंमत हाच किलोचा भाव, आणि तोही ६४० च आहे. पाकिटे सांगतात की दोन्ही चहा सारख्याच भावाचे आहेत. काउंटरवर मात्र किलोमागे २२ रुपयांचा फरक पडतो.

दुसरी उणीव मापाची. नियमाप्रमाणे किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा दर छापायचा आणि किलोहून जास्त वजनाच्या पाकिटावर किलोचा. त्यामुळे ८०० ग्रॅमच्या डब्यावर पैशांतला आकडा येतो आणि दीड किलोच्या डब्यावर शेकड्यातला. गृहिणीने दशांश चिन्ह तीन घरे सरकवून दोन्हींची तुलना करावी, असे नियम करणाऱ्यांना अभिप्रेत होते की काय, कोण जाणे. साखर ग्रॅमच्या भावाने कोणी मनात धरत नाही. आपल्या डोक्यात किलोचा भाव असतो आणि कोथिंबिरीला जुडीचा.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. याच दुरुस्तीने पूर्वीची प्रमाणित वजनांची सक्ती काढून टाकली. चहा, बिस्किटे, खाद्यतेल यांसारख्या वस्तू ठरावीक वजनांतच पाकिटबंद करण्याचे बंधन होते, ते गेले. उत्पादकाला मोकळीक मिळाली, आणि ग्राहकाला तुलनेसाठी एककाचा भाव मिळाला असे गृहीत धरले गेले. व्यवहारात मोकळीक पूर्ण मिळाली आणि भाव अर्धवट मिळाला. तेलाच्या रॅकपाशी उभे राहून पाहिले की हे लगेच ध्यानात येते. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असेही छापलेले असते. तिच्या शेजारी तेवढ्याच उंचीची, तशाच रंगाची ८५० ग्रॅमची पिशवी असते. समजा लिटरची पिशवी १४५ रुपयांना आहे आणि शेजारची १३८ ला. सात रुपये वाचले, असे वाटते. किलोवर हिशेब केला तर पहिले तेल सुमारे १५९ रुपयांना पडते आणि दुसरे सुमारे १६२ ला. एकीवर लिटरची किंमत, दुसरीवर ग्रॅमचा दर, आणि तोही एमआरपीचा. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळावा तरी कसा? पाच-दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यांत किंमत तीच ठेवून वजन हळूहळू घटवले जाते, हे तर आता मुलांनाही ठाऊक आहे.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, या समजुतीला आपल्याच बाजारातला एक जुना अपवाद आहे. अनेक शाम्पूंच्या बाबतीत एक-दोन रुपयांच्या पुडीतला शाम्पू मिलिलिटरमागे बाटलीतल्यापेक्षा स्वस्त पडत आला आहे. हे ज्यांच्या ध्यानात आले ते पुड्यांची माळ घेऊन जातात. बाकीचे बाटली घेतात आणि आपण काटकसर केली असे समजतात. डाळ-तांदळाच्या बाबतीत बहुधा याच्या उलट घडते आणि त्याचा फटका रोजच्या कमाईवर रोजचा शिधा आणणाऱ्या घराला बसतो. पाच किलोचे पाकीट घेण्याइतके पैसे एका वेळी हातात नसतात, म्हणून ते घर अर्धा किलो घेते आणि किलोमागे जास्त मोजते. किलोचा भाव लिहिल्याने त्या घराची गरिबी हटणार नाही. पण दोन-तीन घरांनी मिळून मोठे पाकीट घेतले तर किती वाचेल, हे त्यांना एका नजरेत दिसेल. चाळीत आणि वस्तीत अशी वाटणी आजही होते.

सवलतीच्या दुकानांविषयी माझ्या मनात आकस नाही. आमच्या घरचा बहुतेक किराणा तिथूनच येतो आणि तो गल्लीतल्यापेक्षा स्वस्त पडतो, हे मी हिशेब करून पाहिलेले आहे. त्या स्वस्ताईमागे समजून घेण्यासारखी व्यवस्था आहे. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टची मार्च २०२५ अखेर ४१५ दुकाने झाली, ती केवळ जाहिरातीवर नव्हे. शक्यतो मालकीच्या जागेत दुकान थाटायचे म्हणजे भाडे वाचते. प्रत्येक वस्तूचे वीस प्रकार न ठेवता खपणारे मोजके प्रकार ठेवायचे म्हणजे माल पडून राहत नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो दर कमी करून देतो. सजावटीवर आणि झगमगाटावर खर्च करायचा नाही. हे चोख व्यापारी शहाणपण आहे आणि त्याचा लाभ लाखो मध्यमवर्गीय घरांना झालेला आहे. ज्याचा माल खरोखरच स्वस्त आहे त्याला किलोचा भाव लिहायला अडचण पडायचे कारण नाही. उलट त्याची स्वस्ताई त्यामुळे अधिक स्पष्ट दिसेल.

महाराष्ट्राने ही चर्चा पुढे न्यायला हवी, असे मला वाटते, कारण संघटित ग्राहकाची कल्पना इथे जुनी आहे. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेल्या सहकारी ग्राहक भांडारातून 'अपना बाजार' उभा राहिला. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदींच्या पुढाकाराने १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याची मागणी नोंदवायची, माल घाऊक घ्यायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, अशी सामुदायिक वितरणाची पद्धत तिने रुजवली. मालाचा भाव काय, तो का, आणि त्यात कोणाचा किती वाटा, असे विचारणारा ग्राहक या चळवळीने घडवला. त्या ग्राहकाची नातवंडे आज ट्रॉली ढकलत लाल आकडे वाचत हिंडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९८६ च्या आणि नंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. तुलनाच करता येत नसेल अशा स्वरूपात दिलेली माहिती त्या हक्काला पुरी पडत नाही.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, ज्याला गरज असेल त्याने हिशेब करावा, असे म्हटले जाते. रविवारच्या गर्दीत, कडेवर मूल, मागून येणाऱ्या ट्रॉलीचा धक्का आणि हातात तीस वस्तूंची यादी अशा अवस्थेत प्रत्येक वस्तूसाठी भागाकार करा, असे सांगणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावे. दुकानाच्या संगणकात प्रत्येक वस्तूचे वजनही आहे आणि किंमतही. भावपट्टी त्याच संगणकातून छापली जाते. एक भागाकार यंत्राने एकदाच करायचा की हजारो माणसांनी रोज, एवढाच हा प्रश्न आहे. खर्चाचा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. शिवाय याच दुकानांत सुट्या डाळ-तांदळाच्या आणि भाजीच्या विभागात किलोचा भाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतोच. जे दहा पावलांवर जमते ते पाकिटांच्या रॅकवर का जमू नये?

लहान दुकानदारावर ओझे पडेल, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. घरातल्या दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या किराणा दुकानावर शेकडो भावपट्ट्या छापण्याची सक्ती केली तर ती कागदावरच राहील, किंवा निरीक्षकाच्या हाती दंडाचे आणखी एक हत्यार येईल. म्हणून सक्ती मोठ्या दुकानांपुरतीच हवी. ऑस्ट्रेलियात २००९ पासून एककाचा भाव लिहिण्याचा नियम लागू आहे तो १,००० चौरस मीटरहून मोठ्या किराणा दुकानांना. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशाने विक्री किमतीबरोबर एककाचा भाव दाखवणे बंधनकारक केले आणि लहान दुकानांना सूट देण्याची मुभा सदस्य देशांना दिली. आपल्याकडे जागा महाग आणि दुकाने आटोपशीर, तेव्हा मर्यादा याहून खाली आणावी लागेल; माझ्या मते दोनशे चौरस मीटरपासून सुरुवात करायला हरकत नाही. दहा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या ॲपनाही हाच नियम लावायला हवा. तिथे तर भावपट्टी छापण्याचाही प्रश्न नाही.

भाषेचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, याचा आनंद आहे. पण दरवाजातून आत गेल्यावर रॅकवरच्या पट्टीवर वस्तूचे नाव, सूट, अटी बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. दुकानाचे नाव वाचता आल्याने ग्राहकाचा एक रुपयाही वाचत नाही. त्याला वाचता यायला हवा तो भाव. 'तूरडाळ, किलोला १७२ रुपये' एवढी एक ओळ मराठीत असली, तर चष्मा कपाळावर चढवण्याची आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारण्याची वेळ कोणावर येणार नाही.

नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे मूळ दुरुस्ती दिल्लीत व्हावी लागेल: दर विक्री किमतीवर काढावा, सगळ्या वजनांना किलो किंवा लिटर हेच एकक असावे, आणि पाकिटाबरोबर रॅकलाही तो बंधनकारक व्हावा. अंमलबजावणी मात्र राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे आहे, आणि ग्राहक संघटनांची भक्कम परंपरा असलेल्या या राज्याने केंद्राकडे तसा प्रस्ताव पाठवायला कोणाची आडकाठी नाही. दुरुस्ती होईपर्यंत एखाद्या मोठ्या साखळीने आपणहून सुरुवात करावी. आधी फक्त तेल, चहा, डाळी आणि साबण या चारच रॅकवर केले तरी चालेल. सूट ज्या आकाराच्या अक्षरांत छापली जाते, त्याच आकारात तिच्या शेजारी किलोचा भाव छापावा.